लहरींना सरहद्द नसते

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



जमिनीवर कुंपण घालता येते. नदीच्या पाण्यासाठी लवाद नेमता येतो, धरणाच्या दरवाज्यांवर पहारा बसविता येतो. नभोवाणीच्या लहरीचे तसे नाही. सरहद्दीवरच्या चौकीत तिची झडती घेता येत नाही. ती पारपत्र दाखवीत नाही आणि जकातही भरत नाही. दोन देशांच्या सीमेजवळ बिनतारी यंत्र उभे राहिले की त्याचा आवाज दोन्हीकडे ऐकू जातो. आणि एकाच लहरीवर दोन्हीकडे यंत्रे उभी राहिली की कोणाचाच आवाज धड ऐकू येत नाही, केवळ शिट्टी आणि खरखर ऐकू येते.

म्हणूनच बिनतारी नियमनाची खरी परीक्षा राजधानीत होत नसून सीमेवर होते. देशाच्या मध्यभागी सरकारचा हुकूम चालतो. सीमेवर मात्र शेजाऱ्याशी करार करावा लागतो, आणि करारात प्रथम प्रश्न उभा राहतो तो न्याय्य वाटणीचा. हा विषय अभियंत्यांपुरता मर्यादित आहे अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः हा समाईक संपत्तीच्या वाटपाचा, म्हणजे अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे.

लहरीचा स्वभाव

प्रथम या संपत्तीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मध्यम लहरींवरील प्रक्षेपण दिवसा जमिनीला धरून काही शे किलोमीटर जाते. रात्री तीच लहर वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावर आदळून परत येते आणि हजारभर किलोमीटरवर सहज ऐकू येते. लघुलहरी तर खंड ओलांडतात. याउलट एफएम, दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून त्यांची पोच तुलनेने थोडी असते. यातून सीमेवरील नियमांचे दोन प्रकार आपोआप पडतात. मध्यम आणि लघुलहरींसाठी अनेक राष्ट्रांनी एकत्र बसून तक्ता ठरवावा लागतो. इतर लहरींसाठी सीमेलगतच्या पट्ट्यापुरता दोन शेजाऱ्यांचा समझोता पुरतो.

या संपत्तीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. कोळसा वापरला की संपतो; लहर वापरून संपत नाही. परंतु एकाच ठिकाणी, एकाच वेळी दोघांनी ती वापरली तर दोघांच्याही हातून जाते. म्हणजे ती अक्षय असूनही मर्यादित आहे. गावच्या गायरानासारखीच तिला शिस्त लागते; आणि ही शिस्त कोणी लावायची, हाच सगळा वाद आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांची जडणघडण

बिनतारी संदेशवहनाच्या आरंभीच मक्तेदारीचा प्रश्न उभा राहिला. मार्कोनी कंपनीची यंत्रे वापरणारी केंद्रे प्रतिस्पर्धी कंपनीची यंत्रे असलेल्या जहाजांशी बोलण्यास नकार देत असत. समुद्रावर संकटात सापडलेल्या जहाजाने आपल्या यंत्रावर कोणाचा शिक्का आहे हे आधी सांगावे, असा तो प्रकार होता. १९०६ साली बर्लिन येथे झालेल्या परिषदेने यंत्र कोणत्याही बनावटीचे असो, जहाजे आणि किनाऱ्यावरील केंद्रे यांनी परस्परांचे संदेश स्वीकारलेच पाहिजेत, हे तत्त्व घालून दिले. बिनतारीच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा पायाच असा मक्तेदारीला आवर घालण्यातून रचला गेला.

पुढे १९२७ साली वॉशिंग्टन येथे निरनिराळ्या सेवांना लहरींचे पट्टे नेमून देण्यात आले. १९३२ च्या माद्रिद परिषदेत तारायंत्राची १८६५ पासूनची संघटना आणि बिनतारीची संघटना यांचे एकीकरण ठरले आणि आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ जन्माला आला. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेनंतर तो संयुक्त राष्ट्रांशी जोडला गेला. या संघाने जगाचे तीन विभाग पाडले असून भारत तिसऱ्या विभागात येतो. कोणत्या देशाने कोणती लहर कोठे व किती शक्तीने वापरली आहे याची नोंदवही संघाकडे असते. रीतसर नोंदलेल्या केंद्राला दुसऱ्या देशाच्या केंद्रामुळे अपायकारक व्यत्यय आला तर तक्रार करण्याचा हक्क त्या देशाला मिळतो.

या नियमावलीत एक कलम फार बोलके आहे. काही अपवाद वगळता, मध्यम लहरींवरील आणि अतिउच्च कंप्रतेवरील प्रक्षेपण केंद्रांनी आपल्या देशाच्या सीमेच्या आत चांगली सेवा देण्यास जेवढी शक्ती लागते तेवढीच वापरावी, असे ते सांगते. आपल्या अंगणातला दिवा आपल्या अंगणापुरता असावा, शेजाऱ्याच्या डोळ्यांवर त्याचा झोत टाकू नये, असे साध्या भाषेत म्हणता येईल. परंतु संघाकडे पोलीस नाहीत. कलम आहे, त्याची अंमलबजावणी मात्र राष्ट्रांच्या सद्भावनेवर सोपविलेली आहे. सद्भावना नसेल तेथे काय घडते याचे उत्तम उदाहरण अमेरिका खंडात सापडते.

मेक्सिकोच्या सीमेवरील धडा

१९२० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत मध्यम लहरींच्या ९६ वाटा उपलब्ध होत्या. अमेरिकेने शेजारच्या कॅनडाशी अनौपचारिक बोलणी करून केवळ सहा लहरी त्याच्यासाठी राखून ठेवल्या. आणखी काही दोघांत वाटून घेतल्या. मेक्सिकोला आणि क्यूबाला एकही लहर दिली नाही. या वाटणीला कोणी करार म्हणत असेल तर त्याने सावकाराच्या वहीलाही करार म्हणावे.

अशी वाटणी घरातही टिकत नसते. १९२६ साली शिकागोच्या झेनिथ कंपनीने आपल्याला मिळालेले तुटपुंजे तास नाकारून कॅनडासाठी राखलेल्या एका लहरीवर सरळ उडी घेतली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि लहर ठरवून देण्याचा अधिकार वाणिज्यमंत्र्याला कायद्याने दिलेलाच नाही, असा निकाल लागला. त्यानंतरच्या काही महिन्यांत अमेरिकेत शेकडो केंद्रांनी मन मानेल तशा लहरी आणि शक्ती वाढविल्या. श्रोत्यांच्या कानी गोंगाट आला. निर्बंधमुक्त स्पर्धेतून आपोआप व्यवस्था निर्माण होते, या सिद्धांताचा तो प्रयोगच होता. १९२७ साली अमेरिकन काँग्रेसला रेडिओ आयोग नेमावा लागला आणि १९३४ साली आजचा संघीय दळणवळण आयोग स्थापन झाला.

घरची व्यवस्था लागली, शेजाऱ्याचे देणे तसेच राहिले. मेक्सिकोला काहीच दिलेले नसल्यामुळे अमेरिकेच्या नियमांचे बंधन पाळण्याचे त्यालाही कारण नव्हते. याच फटीतून जॉन ब्रिंकली नावाचा गृहस्थ आत शिरला. कॅन्सस राज्यातील मिलफर्ड येथे तो बोकडाच्या वृषणग्रंथी माणसाच्या शरीरात बसवून तारुण्य परत आणून देण्याचा धंदा करीत असे आणि स्वतःच्या नभोवाणी केंद्रावरून औषधे सुचवीत असे. १९३० साली त्याचा वैद्यकीचा परवाना गेला आणि केंद्राचा परवाना वाढवून देण्यासही आयोगाने नकार दिला. त्याने सरळ रिओ ग्रांदे नदी ओलांडली. टेक्ससमधील डेल रिओच्या समोर, मेक्सिकोच्या विला अकुन्या या गावात १९३१ साली त्याचे एक्सईआर हे केंद्र सुरू झाले. मध्ये एकदा ते बंद पडले आणि १९३५ साली एक्सईआरए या नावाने पुन्हा उभे राहिले. अमेरिकेत केंद्राची सर्वसाधारण कमाल मर्यादा ५० हजार वॅटची होती; या केंद्राची शक्ती ५ लाख वॅटपर्यंत वाढविण्यात आली. यंत्र मेक्सिकोत, भाषा इंग्रजी आणि गिऱ्हाईक अमेरिकन, अशी ती रचना होती. कर्करोग बरा करण्याच्या थापा मारणारा नॉर्मन बेकर हाही आयोवातील आपला परवाना गमावून नुएवो लारेदो येथे याच मार्गाने आला.

अमेरिकेने प्रथम पोलिसी उपाय योजला. १९३४ च्या दळणवळण कायद्यात असे कलम घालण्यात आले की, अमेरिकेतील स्टुडिओतून तारेने किंवा अन्य मार्गाने परदेशी केंद्राकडे कार्यक्रम पाठवून तो पुन्हा अमेरिकेत ऐकविण्याचा असेल, तर आयोगाची परवानगी लागेल. हे कलम अजूनही पुस्तकात आहे आणि वापरलेही जाते. २०२० साली, बाहा कॅलिफोर्नियातील एका मेक्सिकन केंद्रावरून दक्षिण कॅलिफोर्नियासाठी चिनी भाषेतील कार्यक्रम पाठविण्याचा अर्ज, कार्यक्रम तयार करणाऱ्या कंपनीचे नाव अर्जदारांत नाही या कारणावरून आयोगाने फेटाळला. परंतु या कलमाने ब्रिंकलीचे तोंड बंद झाले नाही. त्याने आवाज ध्वनिमुद्रित करून पाठविण्यास सुरुवात केली.

प्रश्न सुटू लागला तो वाटणीचा हिशेब बदलल्यावर. १९३३ साली मेक्सिको सिटीत भरलेली परिषद लहरींच्या वाटणीवरूनच फिसकटली होती. पुढे १९३७ च्या डिसेंबरात हवाना येथे अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिक आणि हैती यांनी उत्तर अमेरिकन विभागीय प्रक्षेपण करारावर सह्या केल्या. मेक्सिकोला ७३०, ८००, ९००, १०५०, १२२० आणि १५७० किलोसायकल या लहरी अग्रहक्काने मिळाल्या. २९ मार्च १९४१ रोजी करार अमलात आला. त्या दिवशी अमेरिकेतील बहुसंख्य केंद्रांना आपली लहर बदलावी लागली. त्याच वर्षी मेक्सिकोच्या सरकारने एक्सईआरए बंद केले. जे काम अमेरिकेच्या कायद्याने झाले नव्हते ते मेक्सिकोच्या हाती न्याय्य वाटा पडल्यावर मेक्सिकोनेच केले.

येथे भाबडेपणा नको. सीमेवरची बलाढ्य केंद्रे यानंतरही नाहीशी झाली नाहीत. त्याच गावात पुढे एक्सईआरएफ हे केंद्र अडीच लाख वॅटच्या शक्तीने बोलू लागले. परंतु आता ते मेक्सिकोच्या मान्य लहरीवर, नोंदीप्रमाणे चालणारे केंद्र होते. तंटा संपला नाही, त्याला मोजमाप आले. १९८६ साली उभय देशांनी मध्यम लहरींबाबत नवा करार केला. एफएमसाठी सीमेपासून ३२० किलोमीटरच्या पट्ट्यातील केंद्रांची कागदपत्रे शेजाऱ्याकडे पाठवून संमती घेण्याची पद्धत रूढ झाली. कॅनडाच्या सीमेवर तर नकाशावर 'ए रेषा' आणि 'बी रेषा' अशा दोन रेषा आखलेल्या आहेत. त्यांच्या आतील प्रदेशात ठराविक लहरींवरील नवे यंत्र बसवायचे तर दुसऱ्या देशाला आधी कळवावे लागते. हौशी बिनतारी चालकांनाही ए रेषेच्या उत्तरेस ४२० ते ४३० मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरता येत नाही, कारण पलीकडे तो इतर कामांसाठी दिलेला आहे.

युरोपातील लहान लहान देशांनी आणखी एक सुबक तोडगा काढला. सीमेवर लहरींचा पट्टा दोन भागांत वाटायचा. एका भागावर एका देशाचा अग्रहक्क, दुसऱ्यावर दुसऱ्याचा. ज्याचा अग्रहक्क नाही त्याची लहर सीमारेषेवर ठरलेल्या तीव्रतेपेक्षा क्षीण असली पाहिजे. शेताच्या बांधावर झाड कोणी लावायचे आणि सावली कोठवर पडू द्यायची, असा हा हिशेब आहे. दोघेही थोडे सोडतात, म्हणून दोघांनाही पुष्कळ मिळते.

बलवानाचा अपवाद

याच अमेरिकेने दुसऱ्या सीमेवर काय केले तेही पाहिले पाहिजे. १९८५ साली क्यूबाच्या जनतेसाठी 'रेडिओ मार्ती' आणि १९९० साली 'टीव्ही मार्ती' सुरू करण्यात आले. दूरचित्रवाणीचा प्रक्षेपक फ्लॉरिडाच्या टोकाशी आकाशात सोडलेल्या फुग्यावर बसविला होता. क्यूबाच्या तक्रारीनंतर आंतरराष्ट्रीय संघाच्या नोंदणी मंडळाने हे प्रक्षेपण नियमाशी विसंगत ठरविले. क्यूबाने आपल्या बाजूने व्यत्ययलहरी सोडल्या आणि प्रक्षेपण पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले. क्यूबातील नागरिकांना मुक्त बातमी मिळण्याचा हक्क नाही, असे कोणीही समाजवादी म्हणणार नाही. परंतु जो देश मेक्सिकोच्या केंद्राविरुद्ध सार्वभौमत्वाचा मुद्दा मांडतो त्याने तोच मुद्दा क्यूबासमोर विसरावा, यात तत्त्व कोठे आहे? नियम दुबळ्यांसाठी आणि अपवाद बलवानांसाठी, ही रीत लहरींच्या राज्यातही चालते.

आपली सरहद्द

आता आपल्याकडे वळू. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा हे परकीय सरकारने केलेले. त्यांत परवानगी ही कृपा असून हक्क नव्हे. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली लहरींच्या नियोजनासाठी केंद्र सरकारने स्वतंत्र शाखा स्थापन केली. परदेशांशी समन्वय, मनोऱ्यांच्या जागेची संमती आणि संघाकडील नोंदी ही कामे तिच्या कक्षेत येतात. १९७५ साली जिनिव्हा येथे पहिल्या आणि तिसऱ्या विभागांतील राष्ट्रांनी मध्यम लहरींचा तक्ता तयार केला. २३ नोव्हेंबर १९७८ रोजी तो अमलात आला आणि भारतासह अनेक देशांतील केंद्रांनी दर नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने आखलेल्या नव्या वाटा धरल्या. ज्या शेजाऱ्यांशी युद्धे झाली तेही त्या तक्त्यात आपल्या शेजारीच बसलेले आहेत.

परंतु आपला सीमेवरचा इतिहास केवळ तक्त्यांचा नाही. १९५२ साली माहिती व नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि घरोघरच्या रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे वळला. महायुद्धाच्या काळात तेथे उभारलेल्या शक्तिशाली यंत्रांचा लाभ त्या केंद्राला झाला आणि भारतीय जाहिरातदारांचा पैसा समुद्रापार गेला. १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. लोकांची गरज नाकारून लहर अडविता येत नाही, हा त्याचा अर्थ.

गोव्याच्या सरहद्दीवर तर मुक्तीचा आवाजच बिनतारीने गेला. नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या जंगलातून, प्रथम आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या परिसरातून, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत गुप्त प्रक्षेपण चालविले. पोर्तुगीज कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा होता. १९७१ साली चितगावजवळच्या कालूरघाटहून बांगलादेशाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. पाकिस्तानी विमानांनी ते केंद्र उद्ध्वस्त केल्यावर २५ मेपासून कलकत्त्यातून, भारताने दिलेल्या ५० किलोवॅटच्या यंत्रावरून, 'स्वाधीन बांगला बेतार केंद्र' बोलू लागले. नियमाच्या अक्षराकडे पाहिले तर या दोन्ही गोष्टींना आक्षेप घेता येतो. मग त्या आणि ब्रिंकलीचा धंदा यांत फरक कोणता? लहर कोणासाठी ओलांडली, हा फरक आहे. एका बाजूला पारतंत्र्यातील जनता स्वतःचा आवाज शोधीत होती. दुसऱ्या बाजूला एक ठग आजारी माणसांचे खिसे शोधीत होता. कायद्याचा अर्थ लावताना हा विवेक सुटता कामा नये. आणि तो विवेक जपायचा तर 'टीव्ही मार्ती'लाही हीच कसोटी लावली पाहिजे: तेथे बोलणारा आवाज क्यूबाच्या जनतेचा होता की शेजारच्या महासत्तेच्या खजिन्याचा?

सीमेवरच्या माणसाचे काय?

नियमांच्या या चर्चेत एक माणूस नेहमी विसरला जातो, तो म्हणजे सीमेवर राहणारा. मोबाइल कंपन्यांच्या परवान्यात पूर्वी अशी अट होती की, मनोरे आंतरराष्ट्रीय सीमेपासून शक्य तितके दूर असावेत आणि सीमेजवळ लहर क्षीण होत जाऊन पलीकडे निरुपयोगी व्हावी. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही अट समजण्यासारखी होती. परंतु लहर रेषेवर येऊन अचानक थांबत नाही. ती आधीपासूनच क्षीण होत जाते. म्हणजे अटीचा भार पडला तो अलीकडच्या गावावर. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असो, बाजारभाव विचारायचा असो की मुलांचा अभ्यास असो, फोनसाठी टेकडी चढावी लागते. जम्मू-काश्मीरमध्ये तर मोबाइल सेवाच २००३ साली आली. अशा पोकळीत पलीकडची लहर शिरते. बांगलादेशाच्या सीमेवर तिकडची सिमकार्डे वापरात असल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. राजस्थानच्या सीमेवर पाकिस्तानी सिमकार्डांवर जिल्हाधिकाऱ्यांना बंदीहुकूम काढावे लागले. आपल्या गावाला आवाज द्यायचा नाही आणि शेजाऱ्याचा ऐकला तर खटला भरायचा, हे धोरण सुरक्षिततेलाही मारक आहे. दूरवर फेकणाऱ्या एका मोठ्या मनोऱ्याऐवजी, झोत आतल्या बाजूस वळविलेले कमी शक्तीचे अनेक लहान मनोरे उभारले तर अट पाळूनही गावाला सेवा देता येते. त्याला खर्च अधिक येतो आणि नफा कमी होतो. म्हणूनच खासगी कंपनी ते आपखुशीने करीत नाही. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक सक्ती यांचे काम तेथेच सुरू होते.

मालकी की विश्वस्तपण?

रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने १९५९ साली असा युक्तिवाद केला की, लहरींवर मालकी हक्क निर्माण करून ते विकावेत. मग ज्याला त्यांचा सर्वाधिक उपयोग त्याच्या हाती त्या जातील. १९९४ पासून अमेरिकेने लिलाव सुरू केले, आपणही त्याच वाटेने गेलो. या युक्तिवादातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. मंत्र्याच्या मर्जीने फुकट वाटण्यापेक्षा उघड लिलाव बरा, हे २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले तेव्हा सर्वांना पटले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही काही अपवाद सोडून लिलावाचाच मार्ग धरला आहे.

परंतु सीमा या सिद्धांताची मर्यादा दाखविते. लिलावात विकली जाणारी वस्तू मुळात अस्तित्वात येते ती राष्ट्रांच्या करारामुळे. हवानाचा करार नसता तर टेक्ससमधील परवान्याची किंमत ब्रिंकलीच्या एका खटक्याने शून्य झाली असती. लहरीला मूल्य येते ते कोट्यवधी लोकांनी आणि अनेक राष्ट्रांनी संयम पाळल्यामुळे. ते मूल्य एका बोलीदाराचे कसे होईल? शिवाय सौदा समान बळाच्या माणसांत न्याय्य होतो. मेक्सिकोच्या हाती शून्य लहरी होत्या तेव्हा त्याच्याकडे सौदा करण्यास काय होते? उपद्रव देण्याची शक्ती, एवढेच. दुबळ्याला केवळ उपद्रवाच्या बळावर न्याय मागावा लागावा, ही व्यवस्थेची लाज आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लहरी ही सार्वजनिक संपत्ती असून तिचे नियमन लोकहितासाठी व्हावे, असा निर्णय दिला. ते वाक्य न्यायालयाच्या दप्तरात राहू नये. सीमावर्ती जिल्ह्यांतील प्रत्येक वस्तीला विश्वासार्ह फोन आणि स्थानिक भाषेतील नभोवाणी मिळालीच पाहिजे, तिचा खर्च लिलावाच्या उत्पन्नातून झाला पाहिजे, आणि शेजाऱ्यांशी लहरींची बोलणी तंटा चालू असतानाही चालू राहिली पाहिजेत. या मागण्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेपासून संसदेपर्यंत मांडल्या पाहिजेत. जमिनीच्या रेषेवरून भांडणारी राष्ट्रे १९७५ साली आकाशातील लहरी वाटून घेऊ शकली. जे आकाशात जमले ते जमिनीवर अशक्य आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.